एका दमात वीस

पोट दुखतंय म्हणून आणलेल्या पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारायची नि गुडघ्यावर हातोडी हाणायची, ही कसली तपासणी, ते सोनूबाईला कळेना. हातखंब्याच्या सरकारी दवाखान्यातल्या लोखंडी कॉटपाशी ती पदर खोचून उभी होती. कॉटवर तिची सून दिशा. आणि डॉक्टर म्हणून जी समोर होती ती घाटावरची एक काटकी, डॉ. मृणाली, मनगटं अशी की नारळ सोलायला दिला तर नारळच तिला सोलेल.

"डाक्टरीणबाय, दुखतंय ते पोट. गुडघा नाय."

"कळलं मावशी. मला बघू द्या."

"बघा की. मी काय तुमचे डोळे झाकलेत?"

दारात उभा राहिलेला टेम्पोवाला लवू फिसकन हसला. सोनूबाईने मान वळवून नुसतं बघितलं, तसं त्याने हसू गिळलं. वाडीत तिच्या जिभेचा दराराच तसा होता. नवरा गेल्यावर ऐंशी कलमांची बाग तिने एकटीने राखली, मुलाला, संदेशला, शिकवून मुंबईला कामाला लावलं, आणि हे सगळं करताना कुणापुढे मान खाली घातली नाही. दुसऱ्याचं चुकलं की चार माणसांत सांगायची. तिचं स्वतःचं चुकायचं नाही. चुकलंच तर ते कुणाच्या नजरेला पडू नये, एवढी तजवीज तिला करता यायची.

दिशा पहाटे पोट धरून उठली होती. सोनूबाईने तिला ओवा चावायला दिला. "काल फणसाची भाजी दोनदा वाढून घेतलीस ना? भोग आता." मग दोन ओकाऱ्या झाल्या. सातच्या सुमाराला सून चुलीपाशी येऊन बसली ती हनुवटी वर करून, पापण्या अर्ध्या मिटून, कपाळाला आठ्या घालून. नाकाच्या शेंड्यावरून सासूकडे बघत होती.

"बघतेस कशी गो? कुठची राणी लागून गेलीस?"

दिशा काहीतरी म्हणाली. ते गेंगाणं आलं. चहाचा घोट घेतला, तो नाकातून परत आला. तेव्हा सोनूबाईच्या हातातला चिमटा खाली पडला.

लवू आंब्याच्या पेट्या घेऊन हातखंब्याला निघाला होता. त्याच्या टेम्पोतल्या पेट्या तिने रस्त्यावरच उतरवायला लावल्या आणि त्यांच्या जागी सुनेला निजवलं. वाटेत सबंध वेळ ती दिशाचं अंग चाचपत होती. पायाची बोटं, घोटे, पोटऱ्या, दंड, कानामागे. कातडी ताणून ताणून बघत होती. लवूने आरशातून विचारलं, "काकी, काय शोधताव?" तर म्हणाली, "तुझी अक्कल. पुढं बघून चालव."

काही सापडलं नव्हतं. ना ओरखडा, ना टोचल्याची खूण. मग ती तेवढ्यावर जरा निवांत झाली होती.

आता डॉ. मृणालीने आपलं बोट दिशाच्या डोळ्यांसमोर धरलं. "मान हलवायची नाही. फक्त डोळ्यांनी बोटाबरोबर यायचं."

बोट डावीकडे गेलं. डोळे थोडे गेले आणि थांबले. बोट उजवीकडे आलं. डोळे जागचे हलेनात. पापण्या तर अशा उतरल्या होत्या की बुबुळं अर्धी झाकलेली.

"बोटं किती दिसतात?"

"चार," दिशा म्हणाली. डॉक्टरने दोनच धरली होती.

"अगो, नीट बघ की!" सोनूबाई मध्येच म्हणाली. "दोन हायत."

"मावशी, तुम्ही सांगायचं नाही."

"बरं, नाय सांगत. पण ती झोपाळलेली हाय, म्हणून तसं होतंय."

"डोळे घट्ट मिटा. मी उघडायला बघीन, तुम्ही उघडू द्यायचे नाहीत." दिशाने मिटले. डॉक्टरने एका अंगठ्याने पापणी उचलली, ती पिकल्या केळ्याची साल निघावी तशी सहज वर आली. "दात दाखवा." ओठ थोडे लांबले, हसू काही झालं नाही. "आ करा. जीभ बाहेर." जीभ ओठापर्यंत आली आणि तिथेच थरथरत राहिली.

प्रत्येक वेळी डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होती. आवाज तिचा शांत होता, पण हात आता भराभर चालत होते, आणि सोनूबाईला माणसाच्या बोलण्यापेक्षा हात वाचायची सवय होती.

"हे काय चाललंय तुमचं? मला उमजंल असं सांगा."

"मेंदूतून डोळ्यांना, तोंडाला, घशाला नसांच्या बारा जोड्या येतात, मावशी. एकेकीला हाक मारून बघतेय, जागी आहे का."

"मग?"

"ओ येत नाहीये."

सोनूबाईच्या डोळ्यांसमोर वाडी आली. पंधरा-वीस घरं. माणसाने एका टोकाकडून हाक मारत निघावं आणि एकाही घरातून ओ येऊ नये.

हातोडी गुडघ्यावर पडली. पाय उडायला हवा म्हणे. तो जरासा हलला, जणू माशी बसली म्हणून. दुसरा तेवढाही नाही. डॉक्टरने किल्लीच्या टोकाने तळपायावर रेघ ओढली, अंगठा किंचित खाली वाकला. मग उशीवरून डोकं उचलायला सांगितलं. दिशाने जोर केला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण डोकं उशीला चिकटवल्यासारखं तिथंच.

"आता एका दमात आकडे म्हणायचे. मध्ये श्वास घ्यायचा नाही. एक ते वीस."

दिशा म्हणू लागली. गेंगाणं, जड, पण मोजता येण्यासारखं. चौदाला दम संपला.

डॉक्टरने घड्याळात बघितलं. आणि मग तिने ते विचारलं ज्याची सोनूबाई घरापासून वाट बघत होती.

"रात्री या कुठे झोपल्या होत्या? खाली जमिनीवर?"

दिशाने तोंड उघडलं. तिच्या आधी सोनूबाई बोलली.

"पलंगावर. तिच्या खोलीत. गुहागरहून तिच्या बापानं पलंग दिलाय सागवानी, मच्छरदाणीसकट. आमच्याकडं सुनांना जमिनीवर नाय निजवत."

दिशाची नजर सासूकडे वळायला बघत होती. वळली नाही. डोळे मधोमध अडकलेले.

खरं वेगळंच होतं. सोनूबाईच्या घरामागे अढीची खोली होती. भाताच्या पेंढ्यावर आंब्याचा थर, वर पेंढा, पुन्हा थर, अशी कमरेएवढी अढी. आंबे पिकायला लागले की घरातलं एक माणूस त्या खोलीत निजायचं, ही तिच्या सासूपासूनची रीत. पिकण्याचा वास पालटला की निजलेल्याला जाग यायला हवी, आणि उजाडण्याआधी आंबे उलटे करायला हवेत. एक दिवस सुनेची पाळी, एक दिवस सासूची. दिशा लग्न करून आली तेव्हापासून म्हणत होती, "आई, पेंढा काढून टाकू. जाळीच्या क्रेटमध्ये पिकवू. पेंढा म्हटला की उंदीर, आणि उंदरामागून जनावर." त्यावर सोनूबाईचं ठरलेलं उत्तर: "तीस वर्षं निजत्ये मी तिथं. मला कुणी नाय खाल्लं. तुझ्या क्रेटातल्या आंब्याला वास सुटेल काय असा?"

आठ दिवसांमागे आंबे उलटताना पेंढ्यातून तिच्या हाताला कात लागली. हातभर, पातळ, कड्याकड्यांची. ती कुणाची ते तिला बघताक्षणी कळलं. कांडर. कांडर डसलेला माणूस तिने लहानपणी बघितला होता. झोपेतच गेला होता तो, सकाळी चहासाठी उठवायला गेले तर उठेना. तिने कात मुठीत चुरगळली, चुलीत घातली आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सुनेचं खरं झालं असतं.

त्यानंतरच्या तिच्या तीन पाळ्या ती निजली नव्हती. दिवा लावून उंबऱ्यावर पाय वर घेऊन बसली होती. सुनेच्या पाळ्यांना मात्र ती आपल्या खोलीत कान देऊन पडायची आणि मनाशी म्हणायची, कात जुनी असेल, जनावर केव्हाच गेलं असेल. काल तिची पाळी होती. तिन्हीसांजेपासूनच तिचे पाय गार पडले. दिशाने जेवताना क्रेटचं नाव काढलं, तेवढं निमित्त तिला पुरलं. "एवढी शहाणी हायस तर आजपण तूच नीज जा तिथं!" दिशाने चटई उचलली आणि गेली.

म्हणजे तो राग नव्हताच. भीती होती. आणि हे सोनूबाई आत्ता, या कॉटपाशी, पहिल्यांदाच स्वतःशी कबूल करत होती. तेही तोंड मिटून.

"नक्की पलंगावर?" डॉक्टरने विचारलं.

"मी काय खोटं सांगत्ये?"

"अंगावर चावल्याची खूण?"

"नाय. मी सगळं अंग बघितलं."

डॉक्टरची भुवई उचलली. "का बघितलंत?"

सोनूबाईने कॉटवरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "आई हाय मी. बघणार नाय?"

डॉ. मृणालीने सिस्टरला सलाइन लावायला सांगितलं, प्राणवायूचा मास्क दिशाच्या तोंडावर बसवला, आणि सोनूबाईला कोपऱ्यात घेतलं. आता तिचा आवाज बदलला होता. "मावशी, तुमची बाग आहे. फवारणीची औषधं घरात असतात. काल घरात भांडण झालं होतं का?"

"म्हणजे?"

"तिने काही पिऊन घेतलंय का?"

"माझी सून?" सोनूबाईचा आवाज चढला, बाहेर रांगेत बसलेली माणसं आत वाकून बघायला लागली. "तुमच्या जिभेला हाड हाय का? ती असली नाय!"

"मला विचारावं लागतं. त्या विषाने बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. हिच्या मोठ्या आहेत. म्हणून मला ते वाटत नाही. मला मण्यार वाटतेय. मण्यारीचे दात दिसतही नाहीत कधी कधी. पण मण्यार पलंगावर चढून मच्छरदाणीत शिरत नाही सहसा. आणि सापाचं औषध द्यायचं तर त्याचीच रिअॅक्शन येऊन घसा बंद होऊ शकतो. मी इथे एकटी आहे. साहेबांना फोन करते, त्यांच्याशी बोलून ठरवते." ती फोन घेऊन बाहेर पळाली. आत रेंज नव्हती. रेंजसाठी अंगणाच्या कडेच्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर चढावं लागायचं.

कॉटपाशी सोनूबाई आणि सिस्टर अक्षया. सिस्टर शीर शोधत होती.

मण्यार. घाटावर मण्यार म्हणत असतील. नाव बदललं म्हणून दात बदलत नाहीत.

सोनूबाईने दिशाच्या तोंडाशी कान नेला. मास्कमध्ये वाफ धरत होती, पण आधी धरत होती तेवढी नाही. छाती वर यायची ती अर्धीच यायची. पापण्या आता पार मिटल्या होत्या.

"दिशा. गो दिशा. मोज बघू. एका दमात."

ओठ हलले. "एक..." मग बराच वेळ काही नाही. "...दोन." मग "तीन" यायला हवं होतं. सोनूबाई थांबली. तिने स्वतःचाही श्वास धरला होता. तीन आलं नाही.

चौदावरून दोन. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दहा मिनिटंसुद्धा पुढे गेला नव्हता.

तिचे पाय तिला विचारून निघाले नाहीत. ती बाहेर आली. ओसरीवर पंचवीसेक माणसं बाकड्यांवर बसली होती, निम्मी तिच्या ओळखीची. ती आता जे बोलेल ते चार दिवसांत सगळ्या पंचक्रोशीत फिरवणारी तोंडं ही. लवू खांबाला टेकून होता. डॉक्टर गडग्यावर उभी राहून फोनवर "हॅलो, सर, ऐकू येतंय का" करत होती.

"डाक्टरीणबाय!"

"एक मिनिट, मावशी."

"मिनिट नाय हाय." सोनूबाईने हाक मारायला आवाज कधी कमी पडू दिला नव्हता, आजही नाही. "पलंगावर नव्हती ती! अढीच्या खोलीत होती, खाली, पेंढ्याला लागून. आणि आठ दिवसांपूर्वी मला तिथं कांडराची कात गावली. मी जाळून टाकली. कुणाला सांगितलं नाय."

बाकड्यांवरच्या माना एकदम वळल्या.

डॉक्टर गडग्यावरून खाली आली. "तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही तिला तिथे..."

"माझी पाळी होती. मला भ्या वाटत होतं." आणि मग तिच्या तोंडून जे कधी बाहेर पडलं नव्हतं ते पडलं. "मी खोटं बोलले."

क्षणभर वाटलं, ही पोर आता चार शब्द सुनावणार. सोनूबाईने ते ऐकायला मान खालीही घातली. पण डॉक्टर तिच्या बाजूने पुढे धावत गेली आणि आतून हाक आली, "सिस्टर, सापाच्या औषधाच्या दहा बाटल्या! मावशी, आत या. मला हात लागणारेत."

पुढचा अर्धा तास सोनूबाईला नीट सांगता आला नसता. काचेच्या लहान लहान बाटल्या फोडल्या, त्यातली भुकटी पाण्यात हलवली, सलाइनमध्ये गेली. निम्मं औषध जाईतो दिशाची छाती थांबली. नुसती थांबली. ओरडणं नाही, धडपड नाही; पंखा बंद करावा तशी. डॉक्टरने तिची मान मागे केली, रबरी मास्क तोंडावर दाबला, त्याला जोडलेला फुगा सोनूबाईच्या हातात दिला.

"दाबा. सोडा. तुमचा स्वतःचा श्वास चालतो ना, त्याच्याबरोबर दाबायचं. घाई नाही आणि थांबायचं नाही. मला इंजेक्शनकडे बघायचंय."

सोनूबाईने दाबलं. दिशाची छाती वर आली. सोडलं. खाली गेली. सोनूबाईच्या हातात एवढं काही कुणी कधी दिलं नव्हतं.

डॉक्टरने मध्येच हातोडी घेतली, गुडघ्यावर मारली. काही नाही. कोपरावर मारली. काही नाही. पापणी उचलून बॅटरी मारली. बाहुली जशीच्या तशी.

"गेली?" सोनूबाईने विचारलं. हात थांबले नव्हते.

"नाही. हे विष नसांचं दार बंद करतं, माणूस आत असतं. कान चालू असतात. ती ऐकतेय. बोला तिच्याशी."

आता काय बोलायचं? शिव्यांना तिच्याकडे तोटा नव्हता, पण हे बोलणं तिने कधी केलं नव्हतं. पहिल्यांदा निघालं ते सवयीचंच. "मेल्ये, दम घे. नाटकं पुरे." मग फुगा दाबत, सोडत, खाली वाकून, सिस्टरला ऐकू जाईल का याचीही पर्वा न करता ती सांगत गेली. "कात मला गावली होती गो. तू म्हणायचीस ते खरं होतं. माझं भ्या मी तुझ्या अंगावर ढकललं." दाबा. सोडा. "ऐकतेस ना? ऐक. पण जाऊ नकोस."

रत्नागिरीहून रुग्णवाहिका आली. गाडीतल्या डॉक्टरने घशातून नळी घातली. हातखंब्यापासून रत्नागिरीपर्यंत फुगा दाबायला तिथे दुसरं माणूस होतं, तरी सोनूबाईची बोटं मांडीवर मिटत नि उघडत होती.

रत्नागिरीच्या मोठ्या इस्पितळात दिशाला मशीन लावलं. संदेश दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून आला. लवूच्या तोंडून कळण्याआधी सोनूबाईनेच त्याला बाहेर बाकड्यावर बसवून सगळं सांगितलं. कात, चूल, पाळी, खोटं. एकही शब्द गाळला नाही. संदेशने ऐकून घेतलं. मग उठला आणि समोरच्या बाकड्यावर जाऊन बसला. आईला चहा आणून दिला, पण तो बाकडा त्याने बदलला नाही.

रोज सकाळी डॉ. ऋत्विक नावाचा शिकाऊ डॉक्टर यायचा आणि तीच तपासणी करायचा. काचेतून सोनूबाई बघायची. आता तिला क्रम पाठ झाला होता. पापणी. बॅटरी. "दिशाताई, डावीकडे बघा." गाल. जीभ. मग हातोडी: कोपर, मनगट, गुडघा, घोटा. शेवटी तळपाय. दुसरा दिवस, काही नाही. तिसरा दिवस, काही नाही. शेजारच्या कॉटवरच्या रोग्याच्या नातेवाईक बाईने कपाळाला हात लावून सांगितलं, "मशीन हवा भरतंय हो नुसती. ती केव्हाच गेली. आमच्या मामांचं असंच झालं."

"तुझा मामा गेला म्हणून माझी सून जाईल काय?" सोनूबाई म्हणाली. पण हे म्हणताना आवाज फुटला, आणि ती जिन्याखाली जाऊन बसली, जिथे तिला कुणी बघणार नव्हतं.

तिथे बसून ती दोन गोष्टींना भीत होती. दिशा मेली तर काय, ही एक. आणि दिशा जगली तर तिने सगळं ऐकलेलं असणार, ही दुसरी. रात्रीच्या कुठल्या तरी क्षणी दोन्ही भीती तिने समोरासमोर ठेवल्या, आणि दुसरी कितीही मोठी असली तरी चालेल, असं देवाला सांगितलं. नवस बोलली नाही. नवसाला द्यायचं कायतरी आपल्या हातात हवं.

पाचव्या दिवशी डावी पापणी केसभर उचलली. गुडघा हातोडीला हलला. सहाव्या दिवशी दिशा उजेडाकडे बघू लागली, पायाची बोटं हलवू लागली. नळी अजून घशात होती, बोलता येत नव्हतं. डॉ. ऋत्विकने सोनूबाईला आत बोलावलं. "ओळख लागते का बघू. या बाजूला या. तुमची दोन बोटं त्यांच्या मुठीत द्या."

सोनूबाईने चप्पल बाहेर काढली, हात धुतले, आणि आपली दोन बोटं दिशाच्या उजव्या तळहातावर ठेवली. दिशाचे डोळे अर्धे उघडे होते.

"दिशाताई, आईंची बोटं दाबा."

काही नाही.

"दाबा. जोरात."

बोटं तशीच पडून. डॉ. ऋत्विकने आपली बोटं तिच्या डाव्या मुठीत दिली, ती लगेच मिटली. त्याच्या कपाळाला आठी पडली. डावा चालतो आणि उजवा नाही? सोनूबाईने ती आठी बघितली. त्याने हातोडी काढली. उजवं कोपर: उडालं. मनगट: उडालं. डावीकडे केलं, तेवढंच. हनुवटी, गाल, जीभ पुन्हा. सगळं दोन्ही बाजूंना सारखं. सोनूबाई भिंतीला टेकली. सहा दिवस दारं ठोठावून एकेक घर जागं केलं, आणि आता कुठलं घर पडलं?

"बघू, पुन्हा," तो म्हणाला आणि या वेळी स्वतःची बोटं दिशाच्या उजव्या मुठीत दिली. मूठ मिटली. अशी मिटली की तो म्हणाला, "अहो, सोडा, सोडा."

"आता पुन्हा आईंची."

सोनूबाईने बोटं ठेवली. हात उघडाच राहिला.

डॉ. ऋत्विक गोंधळून कागदाकडे बघत होता. सोनूबाई कागदाकडे बघत नव्हती. दिशाचे डोळे सहा दिवसांत पहिल्यांदाच तिला हवे त्या बाजूला वळले होते, आणि ते सरळ तिच्या तोंडावर येऊन थांबले होते. झोपाळलेले नव्हते. घाबरलेलेही नव्हते.

"लिवा डाक्टर," सोनूबाई म्हणाली. "हात धड हाय तिचा. दाबायचं नाय तिला."

"म्हणजे?"

"म्हणजे तिनं ऐकलंय सगळं. रागावलीय. आणि रागवायला माणूस जितं लागतं."

त्याला कळलं की नाही कुणास ठाऊक, पण त्याने लिहिलं: दोन्ही हातांची ताकद सारखी. मग पुढच्या कॉटकडे गेला.

सोनूबाईने बाजूचं स्टूल पायाने ओढलं आणि बसली. काचेपलीकडे संदेश उभा होता. दिशाने डोळे मिटले. तिच्या उघड्या तळहातावर सोनूबाईची दोन बोटं होती. ती काढून घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही काढली नाहीत.